मूळ वर असलेलं झाड
२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. नातीला दूरच्या संस्थेत गणिताच्या संशोधनाला जागा मिळाली होती, आणि त्याच आठवड्यात परभणीजवळच्या बोरी गावात आमच्या घरी तिला बघायला पाहुणे आले. पोह्यांची बशी खाली ठेवून मुलाचा मामा जुन्या रिवाजानं म्हणाला, "बाई, अक्षर दाखव. काय शिकतीस ते लिही." पोरीनं खडू घेतला आणि शहाबादी फरशीवर झाडच काढलं, मूळ वर, फांद्या खाली, प्रत्येक फांदीला परत दोन फांद्या, असं न संपणारं. म्हणाली, "या फांद्यांची अदलाबदल करणाऱ्या चालींचा एक गट असतो. एखादी चाल प्रत्येक पायरीपर्यंत गटातल्या कुठल्या ना कुठल्या चालीशी जुळती, तरी स्वतः गटात नसती. अशा सगळ्या चालींनाबी आत घेतलं की गट पुरा होतो." मामा हसला. "झाड उलटं अन् पोरगीबी उलटी! लग्नानंतर हे सोडावं लागंल." माझा लेक, म्हणजे तिचा बाप, मान डोलवायला लागला, तसा पोरीनं खडू खाली ठेवला. मी चौथी नापास, मला त्यातलं अर्धंच कळलं होतं, पण तिचं तोंड उतरलेलं पुरतं दिसत होतं. "पाव्हणं, चहा घ्या अन् निघा," मी म्हणालो, "ती काय सोडणार न्हाई." लेक कळवळला, "बाबा, स्थळ लय चांगलं हाय!" "असंल. माझी नात त्याहून चांगली हाय." भावकी मला अजून हेकट म्हणते, म्हणू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची बॅग उचलली, परभणी स्टेशनवर तिला गाडीत बसवलं आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं ओरडलो, "सरका जरा, पोरगी झाडाचं गणित करायला चाललीय!"