व्हिचेंझाला चाळीस मिनिटं

"सात तास? अगं, एका थिएटरात सात तास बसून करणार काय?"

"बघणार."

"काय बघणार? त्या दिवशी तिथे नाटकसुद्धा नाहीये. मी वेबसाइट चेक केली."

"नाही म्हणूनच तर. नाटक असलं की माणसं मध्ये येतात."

त्र्यंबकने लॅपटॉपवरून डोळे वर केले. अमेरिकेत, ट्रॉयमधल्या एका सीटबेल्टच्या कंपनीत तो वीस वर्षं काय काय बिघडू शकतं याचे तक्ते करत आला होता. त्यामुळे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त ठरलेल्या इटलीच्या चार दिवसांचाही तक्ता झाला होता. हिरव्यात विमानं, पिवळ्यात जेवणं आणि लाल रंगात शुभा. म्हणजे त्याच्या बायकोने, शुभाने, सुचवलेलं सगळं.

"हे बघ, व्हेनिसला पाच तास दिलेत. अख्खं जग जातं तिथे. आणि तुझ्या त्या व्हिचेंझाला..."

"किती?"

"चाळीस मिनिटं."

"रेस्टरूम धरून?"

त्र्यंबकने स्क्रीनकडे नीट पाहिलं. "धरून."

शुभा उठली आणि चहाचं आधण ठेवायला गेली. चहा नको होता, पण पाठ फिरवायला काहीतरी कारण हवं होतं.

ती मूळची सांगलीची. चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन, लग्न करून डिपेंडंट व्हिसावर इथे आली, तेव्हा नोकरी करायची परवानगी नव्हती आणि बाहेर गुडघाभर बर्फ. इथल्या मराठी मंडळाच्या एका बैठकीत कुणीतरी विचारलं, "वहिनी, तुम्ही चित्रं काढता ना? नाटकाला मागे एक पडदा हवाय." तेव्हापासून बावीस वर्षं मंडळाच्या नाटकांचे पडदे शुभाच रंगवत आलीय. ऑगस्ट उजाडला की गराजमधल्या दोन्ही गाड्या बाहेर आणि आत पडदा पसरून त्यावर शुभा, गुडघ्यांना जुन्या उशा बांधून. पुढे डेंटिस्टकडे फ्रंट डेस्कची नोकरी लागली तरी हे सुटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तिने एक गल्ली रंगवली होती. दोन्ही बाजूंना घरं, मागे मागे लहान होत गेलेली. रंगीत तालमीला लोक म्हणाले, आत चालत जावंसं वाटतं. ते विनयने फार मनावर घेतलं. विनय म्हणजे मंडळाचा अध्यक्ष आणि कायमचा नायक. दुसऱ्या अंकात वडील गेल्याची बातमी ऐकून तो उजव्या विंगेत जायचा, तो गेला थेट मागे, आणि गल्लीच्या टोकाच्या घराशी हुंदका देत टेकला. घर त्याच्या कमरेपर्यंत येत होतं. प्रेक्षक असे हसले की वडील पुन्हा जिवंत झाले असते. नंतर सगळे म्हणाले, "शुभा, धमाल आली." तीही हसली. पण त्यानंतर तिने गल्ली रंगवली नाही. नुसत्या भिंती. खिडकी लागली तर बंद खिडकी.

मग क्लिनिकमधल्या कॅलेंडरचं एक पान उलटलं. व्हिचेंझातलं जुनं थिएटर. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी रंगमंचाच्या मागे लाकूड आणि प्लास्टरचे रस्तेच उभे केलेत, जेमतेम काही पावलं खोल, पण दिसतात मैलभर लांब. शुभाला एवढंच हवं होतं, की त्या रिकाम्या रस्त्यांसमोर बसावं, जागा बदलून बदलून बसावं, स्केचबुक भरावं आणि त्या माणसाला जे जमलं त्यात आपलं कुठे चुकलं ते शोधावं. हे तिने त्र्यंबकला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "तू म्हणशील ते शहर. फक्त आपण दोघं."

घोळ झाला संक्रांतीला, विनयकडे, प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायच्या पॉटलकला. निघताना दारात बूट घालता घालता त्र्यंबक विनयला म्हणाला, "आम्ही मेमध्ये इटलीला चाललोय. तुम्हीपण चला ना."

दारात बूट घालताना म्हटलेलं ‘चला ना’ कुणी खरं धरत नसतं. ते फक्त दार बंद व्हायच्या आधी म्हणायचं असतं. विनयने खरं धरलं. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘इटली गँग’ नावाचा ग्रुप, अकरा मेंबर. दुपारपर्यंत साइन-अप शीट: ठेपले कुणाकडे, चिवडा कुणाकडे, मेतकूट कुणाकडे. राइस कुकरपुढची जागा तेवढी रिकामी होती.

"नाही म्हणून सांग त्यांना," शुभा तेव्हाच म्हणाली होती.

"कसं सांगू? मीच बोलावलंय."

आता शनिवारी अकराला बेल वाजली आणि विनय आणि त्याची बायको मालिनीवहिनी आत आले, मीटिंगला. वहिनींच्या हातात ढोकळा होता.

"त्र्यंबक, शीट एकदम प्रोफेशनल," विनय खुर्ची ओढत म्हणाला. "फक्त हे लाल कशाला? व्हि... व्हिच..."

"व्हिचेंझा," शुभा म्हणाली.

"काय आहे तिथे?"

"एक थिएटर."

"चालू?"

"जुनं आहे."

"अच्छा. बघ शुभा, राग मानू नकोस. ही चाळीस मिनिटं वाचली ना, तर आउटलेट मॉल बसतो."

"विनयदादा, मुळात आम्ही व्हिचेंझालाच चाललो होतो."

"हो ना, पण आता आपण सगळे आहोत ना. थांब, लोकशाहीने करू." त्याने फोन काढला, अंगठे चालवले. ग्रुपवर पोल पडला.

तेवढ्यात शुभाची सतरा वर्षांची मुलगी वल्लरी कॉर्नफ्लेक्सचा बाउल घेऊन टेबलापाशी आली आणि आईच्या फोनमध्ये डोकावली. "मॉम, यू आर लूजिंग सो बॅडली."

शुभाने व्हिचेंझाच्या बाजूने मत दिलं. ढोकळ्याची दुसरी वडी संपेपर्यंत निकाल आला होता. मॉलला नऊ, व्हिचेंझाला एक. एक मत बाकी.

तिघांनी त्र्यंबककडे पाहिलं. वल्लरीने चमचा तोंडातच ठेवला. त्याचं एक मत पडून निकाल फिरणार नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. शुभालाही. पण ती ज्याची वाट बघत होती तो निकाल नव्हताच.

त्र्यंबकने लॅपटॉपचं झाकण थोडं खाली केलं, परत वर केलं. "मी ऑर्गनायझर आहे ना," तो म्हणाला. "मी न्यूट्रल."

"ओह, डॅड," वल्लरी म्हणाली आणि बाउल घेऊन वर निघून गेली.

विनयने टेबलावर थाप मारली. "मग ठरलं. मॉल." आणि लगेच वेरोनाच्या हॉटेलकडे वळला. मालिनीवहिनींनी शीट उघडली. "शुभा, कुकर तुझ्या नावावर टाकते हं. तुझा छोटा आहे, बॅगेत बसेल. भात मिळाला की पुरुष शांत राहतात."

शुभा फोनमध्ये बघत होती. अंगठा सावकाश चालत होता, डिप्लोमाला असताना ती सरळ रेघ ओढायची तसा, श्वास धरून. वहिनींना वाटलं, ती शीटच बघतेय. मग फोन उपडा ठेवून ती म्हणाली, "वहिनी, माझं नाव काढा. कुकरवरूनही आणि शीटवरूनही. मी चार एप्रिलला चाललेय. व्हिचेंझात चार रात्री. आत्ताच बुक केलं."

"एप्रिलला?" विनय म्हणाला. "पण ग्रुप तर मेमध्ये जातोय."

"हो. म्हणूनच."

मालिनीवहिनी ढोकळ्याच्या डब्याचं झाकण लावू लागल्या. ते लागता लागेना. शुभाने खुंटीवरचा कोट काढला, अंगात घातला, गळ्याशी मफलर नीट गुंडाळला. त्र्यंबक खुर्चीतून अर्धवट उठला होता.

"शुभा," तो हळूच म्हणाला, "एकाचं बुकिंग केलंस, की दोघांचं?"

शुभाने दार उघडलं. "एकाचं. तू न्यूट्रल आहेस ना," ती म्हणाली, पायरीवरचा बर्फ बुटाने बाजूला सारला आणि बाहेर पडली.