गार फरशीवरची प्रार्थना

एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, "मास्तर, उजव्या फुप्फुसावर डाग आहे. ट्युबरक्युलॉसिस." म्हणजे क्षय. मागे माझी बायको रूथ उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. मला मात्र, खरं सांगतो, आधी रागच आला. दोन महिने मी या खोकल्याला खडूच्या धुळीचा खोकला म्हणत होतो, आणि माझं चुकलेलं मला कधीच आवडत नाही.

स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली असतील. मी ठाण्याच्या एका शाळेत मास्तर होतो आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये उपदेश करायचो. नम्रता आणि आज्ञापालन हे माझे आवडते विषय. लोकांना ऐकवायला!

स्प्युटम टेस्ट, म्हणजे थुंकीची तपासणी, तीही पॉझिटिव्ह आली. मला गावाबाहेरच्या एका मिशनच्या दवाखान्यात ठेवलं. उपचार दोन: स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि ॲब्सोल्यूट बेड रेस्ट. हा दुसरा नीट समजून घ्या, कारण तुमच्यावर ही पाळी आली तर इथेच फसाल. उठायचं नाही, बसायचंही नाही. जेवण, आंघोळ, सगळे विधी पडल्या पडल्या, दुसऱ्याच्या हातून.

"फुप्फुसाला विसावा मिळाला तर जखम भरेल," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही उठलात की ती उसवेल."

आमच्या वॉर्डाची आया चांगुणाबाई, जवळच्या कोलशेत गावची. पन्नाशीची, काटक. ती बेडपॅन घेऊन आली की मी भिंतीकडे तोंड करायचो. ज्या माणसापुढे अख्खा वर्ग उभा राहतो, त्याची ही गत! ती "कुशीवर व्हा, मास्तर" म्हणायची, भांड्यावर फडकं टाकायची आणि निघून जायची.

दिवस सरता सरेना. छताचे वासे मोजले, खिडकीचे गज मोजले. पाय नुसते शिवशिवायचे. त्यात एक गोष्ट मला फार खुपत होती. गुडघे टेकल्याशिवाय मी आयुष्यात प्रार्थना केली नव्हती. रूथ एकदा तापात पडून प्रार्थना करत होती, तर तिला म्हणालो होतो, "देवासमोर लोळतेस काय?" आता मीच लोळत होतो. डॉक्टरांचा हुकूम देवाच्या आड येऊच शकत नाही, असं मी स्वतःला पटवलं.

जेवणानंतर दोन तास वॉर्डात कुणी हलायचं नसे. चांगुणाबाई दाराशी स्टुलावर बसायची. रोगी उठला तर जाब तिला. एका दुपारी पलीकडच्या म्हाताऱ्याला ठसका लागला, म्हणून ती गरम पाणी आणायला गेली. मी संधी साधली. खाली उतरलो, गुडघे टेकले. फरशी गार होती. काय बरं वाटलं हो! "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" एवढं म्हणतोय तोच उबळ आली आणि तोंडात गरम, खारट काहीतरी आलं. याला हिमॉप्टिसिस म्हणतात, म्हणजे खोकल्यातून रक्त पडणं.

"अगं बाई! मास्तर, खाली कशाला उतरलात?" चांगुणाबाईने हातातलं पाणी तिथेच ठेवून मला उचललं, खाटेवर निजवलं आणि फरशी पुसायला बसली. तेवढ्यात डॉक्टर आले.

"काय झालं?" त्यांनी मला विचारलं.

"उबळ आली... पडलो खाटेवरून."

उपदेशकाच्या तोंडून निघालेलं वाक्य हे. डॉक्टर तिच्याकडे वळले. "तू कुठे होतीस?" चांगुणाबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं. "माजीच चूक, साहेब. मी जाग्यावर नव्हते."

दुसऱ्या दिवशी दुसरी आया आली. म्हणाली, "तिला घरी बसवलंय. ठेवायची की काढायची ते साहेब ठरवतील. घरात कमावती तीच एकटी."

तीन दिवस माझा ताप उतरेना. चार्टवरची रेघ वर वर चाललेली. या कुशीवरून त्या कुशीवर. प्रार्थना करायला जावं तर तिचं ते एकदा पाहणंच समोर यायचं. रूथ भेटायला आली तेव्हा तिला सगळं सांगितलं.

"अहो, मग डॉक्टरांना सांगा की."

"अख्ख्या वॉर्डासमोर? त्यांच्या खोलीत जायची तरी मुभा आहे का मला?"

"नाही ना? मग पडून सांगा."

सकाळी डॉक्टर राउंडला आले. आजूबाजूच्या खाटा कान टवकारून होत्या. "डॉक्टर, मी पडलो नव्हतो. प्रार्थनेला म्हणून स्वतः उतरलो. आणि तुमच्याशी खोटं बोललो. बाईचा काही दोष नाही."

डॉक्टरांनी चार्ट खाली ठेवला. "मास्तर, तुमच्याकडून मला फक्त पडून राहणं हवं होतं." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर परवडलं असतं.

चांगुणाबाई परत आली. मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमच्या तोंडातून रगत येत व्हतं. त्यात आनिक बोलनी कुटं खायला लावू?" एवढं बोलून तिने बेडपॅन सरकवला. ती आमच्या चर्चची नव्हती, तिला वाचताही येत नव्हतं. ज्यावर मी वर्षानुवर्षं तास तास बोललो, ते तिने अंगावर घेऊन दाखवलं होतं. त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. "थँक्यू, बाई," म्हणालो. प्रार्थनाही पडूनच केली, आणि ती पोचली असावी.

सात महिन्यांनी थुंकी स्वच्छ आली. डॉक्टर म्हणाले, "आता उठा, चाला." निघताना चांगुणाबाई वॉर्ड पुसत होती. मी तिच्यापुढे गेलो आणि त्याच फरशीवर गुडघे टेकले.

"उठा आदी!" ती ओरडली. "फरशी गार हाय."

मी मुकाट्याने उठलो.