बिननावाची डबी

सकाळचे साडेसात. ठिकाण गंगाखेड, आमचं स्वयंपाकघर.

ही काय बातमी झाली, म्हणाल? झाली ना! त्या दिवशी बातमी मीच होतो.

त्याचं असं झालं. राणीसावरगावच्या बाजारात एक जण अश्वगंधेचं चूर्ण विकत होता. पुडीवर ना बनवणाऱ्याचं नाव, ना आत काय आहे त्याचा पत्ता. विचारलं, तर म्हणतो, "साहेब, जडीबुटी हाय. आधी खाऊन बघा, मग बोला!"

मला, एका पत्रकाराला, आव्हान? भल्याभल्यांना प्रश्न विचारण्यात हयात गेली माझी! पुडी घेतली, घरी स्टीलच्या डबीत ओतली, देवघराजवळच्या फळीवर ठेवली आणि रोज दुधातून घेऊ लागलो.

आणि काय सांगू, गुडघे दुखायचे थांबले की हो! खरं तेच लिहायचं, हा आपला बाणा. आमच्या पेपरात बिननावाच्या पुडीला झोडपून काढलं, पण 'स्वतः घेतलं, गुण आला, अपाय नाही' हेही ठणकावून लिहिलं.

ते छापून आलं, त्या सकाळी अंक उघडून ऐटीत बसलो होतो. बायको, महानंदा, पूजेवरून उठून आली. कपाळावरचे विभूतीचे पट्टे पार पुसट.

"अवं, ह्या विभूतीला लय वास यायलाय. घोड्यावानी."

मी शिकलेला माणूस! म्हटलं, "अगं, अश्व म्हणजे घोडा. घोड्याचा वास अश्वगंधेला…"

आणि एकदम माझं रोजचं दूध आठवलं. मी पीत होतो त्याला तर कसलाच वास नव्हता!

तेवढ्यात मेहुण्याचा, बसवराजचा फोन. "दाजी, पेपर वाचला! मीबी आजपासून चालू करायलोय. बीपीच्या गोळ्या बंद!"

"थांब! गोळ्या बंद करू नकोस! आधी डॉक्टरला विचार! अरे, मी ते चूर्ण खाल्लंच नाही!"

"मग काय खाल्लं?"

"…विभूती."

"मग तीच धाडा की!"

महानंदानं फळीवरच्या दोन्ही डब्या, चूर्णाची आणि विभूतीची, हुबेहूब सारख्या, माझ्यापुढं आदळल्या. "पुडीवर नाव न्हाई म्हणून पेपरात बोंबललात. अन् तुमच्या डबीवर कुठं हाय?"

खुलासा दुसऱ्याच दिवशी छापला. पहिल्या पानावर, माझ्या नावानिशी! त्याला छाती लागते, साहेब.

पुडीत काय होतं, याचं उत्तर त्या विकणाऱ्यानं अजून दिलेलं नाही. आणि गुडघे दुखायचे कशानं थांबले, याचं मी.