मागचं डावं दार

चिंचवडगावात आमच्या गल्लीच्या टोकाला एक गृहस्थ दर रविवारी जुनी, गोल दिव्यांची मोटार दुरुस्त करत बसायचे. दूध आणायला जाताना मी तिथं रेंगाळायचो. नसत्या चौकशा करायची खोड मला पहिल्यापासूनच. त्यांनी इंजिन खोलून पुन्हा जोडलं, नवे ब्रेक बसवले, तीन दारं घासून रंगवली. मागचं डावं दार मात्र वर्षभर भिंतीला टेकून गंजत होतं.

शेवटी मी विचारलंच, "काका, ह्या दारानं तुमचं काय घोडं मारलंय?"

फडक्याला बोटं पुसत ते हसले. "आवो, चाकणला कंपनीत अठरा वर्षं मी मागचं डावं दारच बसवतोय. रविवारी तरी दुसरं काय शिकू द्या की राव!"

दिवाळीच्या आधी एका रविवारी ते दार रंगून तयार दिसलं. माझ्यादेखत त्यांनी ते बघता बघता बसवलं. दूध घेऊन मी परत आलो, तरी ते दार उघडत होते, लावत होते, मान तिरकी करून आवाज ऐकत होते. दुपारी गॅलरीतून पाहिलं, तर तेच चाललेलं. मला राहवेना. खाली उतरलो.

"नीट बसत नाही का?"

"बसलंय की सकाळीच," ते म्हणाले. "पन कंपनीत बोल्ट आवळले की गाडी फुडं सरकती. आपुन बसवलेलं दार उघडून बघायला आज पयल्यांदाच गावलं."