मावशीचे परतीचे फोन

आईचा फोन आला तेव्हा मी शिरूरला, कॉलेजच्या लॅबमध्ये होते. "शोभी गेली गं…" एवढंच ती बोलली. शोभामावशी ही आईची धाकटी बहीण, लग्न होऊन यवतला गेलेली. सकाळी चहा ठेवला आणि ओट्यापाशीच कोसळली. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. नोकरी गेली म्हणून ती गेली, असं मी म्हणणार नाही, मला तेवढं कळत नाही. पण दीड महिना झाला, एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ती नीट लिहिता येईल की नाही, याचीही खात्री नाही.

मावशीचं माहेर निमोणे. शिक्षण बारावी, आणि आमच्या घरात टेबलखुर्चीवरची नोकरी करणारी ती पहिली. शेतीचे पंप विकणाऱ्या एका कंपनीच्या यवतच्या ऑफिसात ती तक्रारींचे फोन घ्यायची. कॉलेजचा माझा फॉर्म भरायलाही तीच आली होती, कारण घरात दुसऱ्या कुणाला तो कळत नव्हता. लहानपणी सुट्टीत मी तिच्याशेजारी स्टुलावर बसून ऐकायचे. शेतकरी मोटरीवर लगेच येत नसत. आधी पाहुणे, मग म्हैस, मग भाऊबंदकी. "आप्पा, म्हैस राहू द्या, मोटर फिरतीय का न्हाई ते सांगा," मावशी म्हणायची. "फिरतीय की बाई, पर पाणी ओढंना." "मंग पाण्यातला फूटव्हॉल्व काढून बघा, पालापाचोळा आडकला आसंल. आन् म्हैस याली की पेढं पाठवा!"

पुढं कंपनीत 'मराठीसाठी एक दाबा' आलं, मग व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप येणारी उत्तरं, आणि शेवटी स्वतः बोलणारा चॅटबॉट. मावशीला लगेच काढलं नाही. चॅटबॉटचे फोन ऐकायचे आणि तो चुकला तिथं खूण करायची, एवढं काम तिला उरलं. मध्ये बोलायचं नाही. तो गोड आवाजात पंपाचा नंबर विचारायचा. माणूस "थांबा जरा, बघून येतो" म्हणून विहिरीकडं निघायचा, आणि तो पोचायच्या आत चॅटबॉट धन्यवाद म्हणून फोन ठेवून द्यायचा. "उत्तर म्हाईत आसतंय आन् मुकाट बसायचं," मावशी म्हणायची. मग ती अशा लोकांचे फोन नंबर तळहातावर लिहून घ्यायला लागली आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या मोबाइलवरून त्यांना फोन करायला लागली. हळूहळू लोक कंपनीला सोडून तिलाच मिस्ड कॉल द्यायला लागले.

त्याच सुमारास माझा तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट होता : उद्योगांतील चॅटबॉटची वाटचाल आणि भविष्य. मावशीनं मला तिच्या साहेबांना भेटवलं. त्यांनी स्क्रीनवर दाखवलं… एकदा तक्रार केलेला माणूस आता पुन्हा फोन करत नाही. "एका फोनात काम होतं, बघ." मी ते जसंच्या तसं लिहिलं, आणि शेवटी माझं मत म्हणून जोडलं की यापुढं अशा कामाला माणसं लागणार नाहीत. सादरीकरणाला मावशी सुट्टी काढून आली, मागच्या बाकावर बसली. सरांनी कौतुक केलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं झालं?"

"झ्याक बोललीस. पर लोक परत फोन का करत न्हाईत, ते कुणाला ईचारलंस का?"

तीच त्यांना फोन करते म्हणून, हे मला तिथंच कळलं. "मग तू साहेबांना सांगत का नाहीस?"

"सांगितलं तर माझं फोन बंद करत्याल. मान्सं तिकडं विहिरीवर ताटकळत्यात, येडे."

महिन्याभरात साहेबांनी त्याच आकड्यांवर बोट ठेवून तिला घरी पाठवलं. चॅटबॉट चुकतच नाही, तर खुणा करायला माणूस कशाला? मी म्हटलं, मी साहेबांना जाऊन खरं सांगते, प्रोजेक्टही बदलते. "गप बस. तुझं मार्क जात्याल," ती म्हणाली. मी ऐकलं. इतकं लगेच ऐकलं, की आता त्याची लाज वाटते. मार्क चांगले पडले. तिनं घरात सगळ्यांना पेढे वाटले…

मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी काकांनी, तिच्या नवऱ्यानं, तिचा मोबाइल माझ्या हातात दिला. "सारखा वाजतोय. तुझं तू बघ काय ते." बरेच दिवस मी तो नुसता वाजू दिला. परवा धीर करून एका नंबरला उलटा फोन लावला. वडगाव रासाईचे एक आजोबा होते. "ताई, किती दिस झालं, हायेत कुठं तुम्ही?" मी म्हटलं, "मी त्यांची भाची. मावशी… गेल्या." पलीकडं कुणीतरी गुरांना हाकत होतं. "लई गुणाची बाई व्हती," ते म्हणाले. मग जरा चाचरत, "आता मोटरीचं कुणाला ईचारायचं, बाळा?"

मला मोटरीतलं काही येत नाही. माझ्याकडं एकच नंबर होता, कंपनीचा. तो मी त्यांना दोनदा सांगितला, सावकाश, त्यांना लिहून घेता यावा म्हणून.