दोन हजार फुटांच्या पुढे

आई गेल्यावर चार महिन्यांनी, २०१५च्या ऑगस्टात, बाबा कोल्हापूरहून आमच्याकडे हॅमिल्टनला आले. रोटोटुनातलं आमचं घर नवीन होतं, आजूबाजूची घरंही तशीच नवी. मी आणि नवरा दोघंही आयटीत. साडेसातला घर सोडायचो. मुलगी सात वर्षांची. तिला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं, आणि ते समजल्यासारखी बाबा मान हलवायचे. सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणलं की त्यांचं दिवसभराचं काम संपलेलं असे.

बाबांचं सगळं आयुष्य ओतकामात गेलं होतं. तरुणपणी साखर कारखान्यांच्या चरकांची बेअरिंगं ओतायचे, कथील, शिसं आणि अँटिमनीच्या पांढऱ्या धातूची. पुढे शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डर म्हणून राहिले ते निवृत्त होईपर्यंत. त्यामुळे सप्टेंबरात एका सकाळी कुंपणापलीकडून वितळलेल्या शिशाचा वास आला तेव्हा तो त्यांनी लगेच ओळखला. मला फोन करून म्हणाले, "शेजारी कुणीतरी शिसं पाघळवतंय. मळ काढायला मेण टाकलंय वर."

शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गोरे गृहस्थ एकटेच राहायचे. दूध पावडरच्या कारखान्यात फिटर होते. बायको वारल्यावर मोठं घर विकून इथे आले आणि आल्या आल्या मागच्या अंगणात शेड उभारली. त्या शनिवारी त्यांनी मला फाटकाशी गाठलं. तुझे वडील रोज सकाळी कुंपणापाशी उभे असतात, म्हणाले. त्यांना काही हवंय का? नुसतं बघायचं असेल तर आत पाठव की.

पहिल्या दिवशी मी दुभाषी म्हणून सोबत गेले. शेजारचे गृहस्थ हरणाच्या शिकारीच्या रायफलसाठी गोळ्या ओतत होते. दुकानातल्या गोळ्यांवर तांब्याचं आवरण असतं, यांच्या निव्वळ शिशाच्या. सेकंदाला सोळाशे फुटांच्या वेगानं उडवल्या तर त्या सरळ जात. वेग वाढवला की बिनसायचं. मऊ धातू नळीतल्या आट्यांना धरून राहत नसे, घासटून आतच चिकटून बसे, आणि गोळी भलतीकडेच जाई. त्यांना बावीसशे फूट हवे होते, तेही नेम न बिघडता. बाबांनी विचारलं, एवढा वेग कशाला? ते म्हणाले, गोळी जोरात आणि योग्य जागी लागली तर जनावर जागच्या जागी पडतं. नाहीतर जखमी होऊन रानात शिरतं आणि दोन दिवस मरत राहतं. त्यांच्या हातून एकदा तसं झालं होतं.

बाबा आयुष्यभर शाकाहारी. मी भीतभीत भाषांतर केलं. ते म्हणाले, "मग नीटच करायला पाहिजे."

त्यानंतर माझी गरज उरली नाही. बाबांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना मराठी. दोघांमध्ये 'किया ओरा' हा माओरी नमस्कार, एवढा एकच शब्द. तो सकाळी जाताना आणि दुपारी परतताना दोन्हीकडून म्हटला जाई. बाकी सगळं हातानं. ओतलेल्या गोळ्यांवर सुरकुत्या दिसल्या की बाबा साचा भांड्याच्या कडेवर तापत ठेवत. तयार गोळी दोन बोटांत धरून नखानं टिचकी मारत आणि कानाशी नेत. निम्म्याअधिक गोळ्या पुन्हा भांड्यात जात. आधी शेजाऱ्यांना ते पटत नसे, पण मग त्यांनी तराजू आणला आणि बाबांनी बाजूला काढलेली प्रत्येक गोळी वजनात कमी भरली. गोळीच्या बुडाला ते तांब्याची छोटीशी टोपी बसवत, ती बाबांनी फिरवून फिरवून पाहिली आणि पसंत केली. मग एक दिवस बाबांनी, रसाजवळ पाणी नको म्हणून, शेडच्या पार दुसऱ्या टोकाला पाण्याची बादली ठेवली आणि साच्यातून निघालेल्या तापल्या गोळ्या थेट तिच्यात टाकायला लावल्या. त्यानं धातू कडक होतो.

रॅग्लनच्या वाटेवर शेजाऱ्यांच्या भाच्याचं शेत होतं, तिथे दोघं चाचणीला जात. बाबा रायफलला हात लावत नसत. ते मागे खुर्ची टाकून बसायचे, कानांवर लाल इयरमफ. ऑक्टोबरच्या शेवटी एका संध्याकाळी ते पुठ्ठ्याचं निशाण घेऊन घरी आले. शंभर मीटरवरून, एकोणीसशे फुटांच्या वेगानं, कपाच्या तोंडाएवढ्या जागेत पाच भोकं पडली होती. जेवताना ते आपणहून बोलत होते. आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

मला मात्र ते सगळं खुपत होतं. बंदूक, शिसं, घरात लहान मूल. नवरा बोलत नव्हता, पण बाबा शेडमधून आले की तो मुलीला हळूच दुसऱ्या खोलीत न्यायचा. मी बाबांना कपडे बाहेरच बदलायला लावलं. त्यांनी त्यावर कधी तक्रार केली नाही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी शेजाऱ्यांनी कुंपणावरून मला हाक मारली. त्यांचा आवाज ऐकूनच मी धावले. रात्री पाऊस झाला होता आणि बाहेर पडलेल्या शिशाच्या तुकड्यात पाणी साचलं होतं. बाबांनी तो तुकडा भांड्यात सोडला, आणि पाण्याची वाफ होऊन शिशाचा रस त्यांच्या हातावर आणि गालावर उडाला. चष्म्यामुळे डोळे वाचले. तुकडे आत ठेवायला हवे होते, चूक माझी, असं शेजारी पुन्हा पुन्हा म्हणत होते. हात नळाखाली धरून बाबा मला म्हणाले, "त्यांना सांग, त्यांचं काही नाही. मला दिसलं नाही."

ओलं भंगार रसात टाकायचं नाही, ही फाउंड्रीतल्या पहिल्या दिवसाची शिकवण. क्लिनिकमध्ये डॉक्टरनं जखमा बांधल्या, मग सहज डोळे तपासले आणि मला बाजूला बोलावलं. काचबिंदू होता. बाबांना ते दीड वर्षापासून माहीत होतं. आईच्या आजारपणात कशाला आणखी एक, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

घरी येताना गाडीत मी खूप बोलले. त्यातलं बरंच विसरले आहे, एवढं विसरले नाही: "इथे तुम्ही पाहुणे आहात, बाबा. पाहुण्यासारखं राहा."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरं."

ते पुन्हा शेडमध्ये गेले नाहीत. शेजारी दोनदा दारात आले, दोन्ही वेळा मी सांगितलं की बाबा झोपलेत. दुसऱ्या वेळी बाबा आतल्या खोलीत जागे होते आणि त्यांना आमचं बोलणं ऐकू येत होतं. व्हिसाचे दोन महिने शिल्लक असताना डिसेंबरात ते परत गेले. डोळ्यांवर तिकडेच उपचार करतो, म्हणाले.

दर रविवारी फोन व्हायचा. ब्लड प्रेशर, डोळ्यांचे थेंब, पाऊसपाणी. शेवटी ते विचारायचे, "शेजारी बरे आहेत ना?" मी म्हणायचे, "बरे आहेत." आणि आम्ही फोन ठेवायचो.

पुढच्या जुलैत शेजाऱ्यांनी मला एक कागद दिला. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की एकोणीसशेपर्यंत सगळं छान आहे, पण दोन हजारांच्या पुढे पाण्यात टाकलेल्या गोळ्याही निशाणावर इकडेतिकडे फाकतात. एक दिवस जमतं, दुसऱ्या दिवशी नाही. धातू तोच, साचा तोच. वडिलांना विचारशील का?

मी कागद ऑफिसच्या बॅगेत ठेवला. पहिल्या रविवारी विसरले. दुसऱ्या रविवारी आठवला होता, पण विचारलं नाही. विचारायचं म्हणजे तो विषय मला काढावा लागला असता, आणि मग गाडीतलं ते बोलणंही. तिसऱ्या रविवारीही बाबांनी विचारलं, शेजारी बरे आहेत ना, आणि मी बरे आहेत म्हणाले. त्याच आठवड्यात, गुरुवारी पहाटे, झोपेतच ते गेले.

कोल्हापुरात, तेराव्याला, त्यांचे फाउंड्रीतले एक जुने सोबती आले. जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "तुझ्या शेजारच्या म्हाताऱ्याचं काय झालं गं? दोन हजाराच्या पुढं गेला का त्यो?"

तुम्हाला हे कसं माहीत, मी विचारलं. त्यांनी सांगितलं. बाबा परत आल्यापासून रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायचे आणि त्याच गोष्टीवर बोलायचे. जुन्या बेअरिंगवाल्यांना विचारून झालं होतं, एका बॅटरीवाल्याकडून थोडं शिसं आणून करूनही पाहिलं होतं. पाण्यात टाकलेला धातू लगेच कडक होत नाही. तसाच पडून राहिला की दोन-तीन आठवडे आतल्या आत कडक होत जातो. म्हातारा घाई करतोय, ओतल्या ओतल्या उडवतोय, असं बाबांचं म्हणणं होतं. एका दिवशी ओतलेल्या गोळ्या एकत्र ठेवायच्या, वीस दिवस हात लावायचा नाही, आणि वेगवेगळ्या दिवसांच्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत.

"मी म्हटलं, फोन करून सांग की पोरीला," ते म्हणाले. "तर म्हणाला, तिला आवडत नाही तो विषय. तिनं विचारलं तर सांगीन."

हॅमिल्टनला परतल्यावर मी शेजाऱ्यांकडे गेले. बाबा गेल्याचं सांगितलं. त्यांनी भांड्याखालची आच बंद केली. मग मी म्हणाले, बाबांनी तुमच्या प्रश्नाचं उत्तर सांगून ठेवलंय. त्यांना वाटलं, मी फोनवर विचारलं होतं. मी ते तसंच वाटू दिलं.

त्यांनी वीस दिवस वाट पाहिली. सप्टेंबरच्या शेवटी ते मला शेतावर घेऊन गेले, तू यायला हवंस म्हणाले. एकवीसशे साठ फूट. निशाण जवळ आणून पाहिलं तर पाचही भोकं हाताच्या तीन बोटांखाली झाकली जात होती. त्यांनी टोपी काढली, पुठ्ठ्याकडे पाहत राहिले, आणि मग कसलीच घाई नसल्यासारखे सामान आवरायला लागले. पुढच्या एप्रिलमध्ये कायमाईच्या रानात त्यांनी एका गोळीत एक हरीण पाडलं. जागच्या जागी पडलं, हे त्यांनी मला मुद्दाम कुंपणापाशी येऊन सांगितलं.

२०१८ मध्ये त्यांचे गुडघे गेले आणि ते आपल्या मुलीकडे क्राइस्टचर्चला राहायला निघाले. सामानाचा ट्रक पुढे गेला होता. रायफल त्यांनी भाच्याला दिली होती. मी निरोप द्यायला गेले आणि तिथेच, अंगणात उभं राहून, त्यांना सगळं सांगितलं. कागद तीन आठवडे बॅगेत होता, मी बाबांना विचारलंच नाही, उत्तर मला तेराव्याला दुसऱ्याच माणसाकडून कळलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे, असं होतं.

"तू विचारायला हवं होतंस," ते म्हणाले. "त्यांना आवडलं असतं."

मी हो म्हणाले. त्यांची मुलगी गाडीत वाट बघत होती. त्यांनी माझा हात हातात घेतला, क्षणभर धरला आणि सोडला. मग सावकाश, एकेक पाय उचलत गाडीत बसले. गाडी वळणापर्यंत दिसत राहिली. मग मी घरात येऊन मुलीचा डबा भरायला घेतला.