गिरणीवाल्यांचं मेलबर्न

कोल्हारच्या आमच्या गिरणीवाल्यांच्या भुवयांवर कायम पीठ असतं आणि तोंडात ऑस्ट्रेलियातला फुटबॉल. मुलगा मेलबर्नला गेल्यापासून त्याच्या आवडत्या क्लबचे जुने पराभवसुद्धा यांना पाठ झालेत. गिरणीवर आवाज चढवून ते सांगतात, "चेंडू लांबट, नारळावानी! अन् नेम जरा चुकला तरी एक गुण देत्यात. लई दयाळू मानसं!" दळण होईपर्यंत ऐकून दमलो तरी मी हसत राहतो. रविवारी मुलाचा फोन येतो, तेव्हाही बापलेकांच्या मॅचच्याच गप्पा चालतात.

काल डबे रांगेत असतानाच त्यांनी गिरणी बंद केली.

"तिकडचा सीझन संपला, मास्तर," ते पहिल्यांदाच हळू बोलले. "आता मार्चपर्यंत पोराशी बोलायचं काय?"